निळ्या पाठीची डबी

१

डबी जागेवर होती, तिच्यावरचं कव्हर जागेवर होतं, आतली छोटी पुस्तिकासुद्धा होती. डिस्क तेवढी नव्हती. ज्या प्लास्टिकच्या गोल खुंटीवर ती बसते ती खुंटी उघडी पडली होती, आणि भाऊजी मघापासून तिच्याकडेच बघत होते.

"चोरी झाली आहे," ते म्हणाले. "चोर कोण ते मला माहीत आहे. तू फक्त सिद्ध कर."

माझी सगळी नोकरी विमा कंपनीत गेली. लोकांचे दावे खरे की खोटे ते बघायचं, हे काम. आधी चोर ठरवून मग पुरावा मागणारे मी पोत्याने पाहिले आहेत, आणि त्यांचा चोर बहुधा चुकीचा निघतो. म्हणून भाऊजींचं बोलणं मी एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्या कानाने खोलीकडे लक्ष दिलं.

खोली म्हणजे चार भिंतींना लागलेली कपाटं, एक पडदा, दोन खुर्च्या. एक भाऊजींची, एक त्यांच्या मित्राची, दाताच्या डॉक्टरांची. कपाटांत जुने चित्रपट, बहुतेक काळेपांढरे, सगळे डिस्कवर. आता चित्रपट हवेतून येतात, पाहिजे तेव्हा बघावेत, असं कोणी म्हटलं की भाऊजी म्हणतात, हवेतून आलेलं हवेतून जातं. यादी त्यांनी कधी केली नाही. सगळं डोक्यात.

नाहीशी झालेली डिस्क एका लहानशा कंपनीने काढली होती. ती कंपनी केव्हाच बंद पडली. त्यांच्या डब्यांची पाठ निळी असते, म्हणून कपाटात त्या पटकन ओळखू येतात. त्या चित्रपटाच्या शेवटी बोट धक्क्यावरून सुटते आणि काठावरची गर्दी रडत रडत हात हलवते. टीव्हीवर दाखवतात तेव्हा गर्दी कापलेली असते. संपूर्ण गर्दी असलेली प्रत त्या एकाच कंपनीला सापडली होती. त्या गर्दीत माझी ताई आहे.

ताई तेव्हा कॉलेजात होती. माणसं हवीत म्हणून चित्रीकरणवाल्यांनी मुलामुलींना धक्क्यावर नेलं होतं. ऐन वेळी तिच्या चपलेचा पट्टा तुटला. ती एका हातात चप्पल धरून दुसऱ्या हाताने हात हलवते आहे, आणि आजूबाजूचे सगळे रडत असताना ही बया तोंडभर हसते आहे. एवढंच. पण ताईचा एक सुळा पुढे आला होता म्हणून तिने फोटोत कधी तोंड उघडलं नाही. आमच्याकडे तिचे गठ्ठाभर फोटो आहेत, आणि सगळ्यांत ती रेशनच्या रांगेत उभी असल्यासारखी दिसते. हसणारी ताई या एका ठिकाणी होती. ती जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊजी लग्नाच्या वाढदिवसाला ही डिस्क लावायचे, एरवी डबीला हात लावायचे नाहीत.

"मग आज का उघडली? वाढदिवस तर रविवारी आहे."

भाऊजींनी दाराकडे पाहिलं. तिथे त्यांची नात उभी होती. तिला आजी आठवत नाही, कारण ती जन्मलीच नंतर.

"हिने विचारलं, आजी हसायची कशी," भाऊजी म्हणाले.

मुलगी तोंडावर हात ठेवून आत पळाली.

"डॉक्टरने नेली," भाऊजी म्हणाले. "तीस वर्षं माझ्या शेजारी बसून बघतोय. माझ्या घरात आता तो पाऊल टाकणार नाही."

२

भाचा दिवाणखान्यात लॅपटॉप घेऊन बसला होता. या घरात त्या खोलीवर कोणाचा डोळा असेल तर त्याचा. मुलीला अभ्यासाला जागा हवी, हे तो उठता बसता म्हणतो, आणि त्यात त्याचं चुकतही नाही.

"मावशी, मी कशाला नेऊ? मला त्यातलं एक ओळखता येत नाही. मी नेलं असतं तर टेम्पो आणून सगळंच नेलं असतं."

हे मला पटलं. अख्खं रान तोडायचं ज्याच्या मनात आहे तो एक पान चोरत नाही.

"डॉक्टरांचं नाव तूच घातलंस ना त्यांच्या कानात?"

तो जरा वरमला. "मी जे पाहिलं ते सांगितलं. बाबा चष्म्याचा नंबर काढायला गेले होते. डॉक्टरकाका आले, म्हणाले, बसतो मी. मी चहा द्यायला गेलो तर काका खिडकीशी उभे. डिस्क उजेडात धरून, खालून वरून, दात बघतात तशी बघत होते. हातात तो त्यांचा छोटा आरसासुद्धा होता. मी म्हटलं, काका, कीड लागलीय का? तर दचकले."

"काय म्हणाले?"

"काही नाही. चहा सांडला. आणि खुर्चीवर चार-पाच डब्या उघड्या पडल्या होत्या. सगळ्या निळ्या."

"चार-पाच? एक नाही?"

"एक असती तर माझ्या लक्षात तरी आली असती का?"

सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला सासऱ्यांचा राग आहे, पण डॉक्टरांवर तिची माया. मुलीचे दात तेच बघतात, आणि फी म्हणून तिच्याकडून एक चित्र काढून घेतात.

"मावशी, एक सांगू? बाबांनी फोनवर त्यांना नाही नाही ते ऐकवलं. मी इथेच उभी होते. पलीकडून काका एक अक्षर बोलले नाहीत. मी असते तर फोन आपटला असता."

चोर नसलेला माणूस आरडाओरडा करतो. चोर असलेला माणूस गोष्ट रचून सांगतो. गप्प बसणारा तिसरा प्रकार मला नोकरीत फार क्वचित भेटला, आणि दरवेळी तो कोणाला तरी पाठीशी घालत होता.

३

जुन्या डिस्क विकणारं आता एकच दुकान उरलं आहे, तेही जिन्याखाली. मालक प्लेअर दुरुस्त करतो आणि गिऱ्हाईक नसलं की स्वतःशी बोलतो. मी दोन दिवसांनी गेले तेव्हा बोलतच होता.

"साहेबांची ती डिस्क? गेली?" त्याने हातातला पेचकस खाली ठेवला. "ती मी किती वेळा मागितली. साहेब म्हणायचे, माझ्या तेराव्यालासुद्धा देणार नाही."

"तुम्हाला कोणी विकायला आणली तर?"

"आधी डबी मागेन. डबीशिवाय डिस्क म्हणजे नंबरपाटीशिवाय गाडी. कोण घेणार? बाई, तुमच्या चोराला धंदा कळत नाही, नाहीतर त्याला धंदा करायचाच नाही."

हे मलाही वाटत होतं. विकायला नाही, तर मग बघायला? डॉक्टरांकडे स्वतःची प्रत होती. दोघांनी एकाच दिवशी याच दुकानातून घेतली होती, हे भाऊजी कौतुकाने सांगायचे.

"डॉक्टर येतात का हल्ली?"

"येतात का? पिच्छा पुरवलाय. हीच डिस्क हवी म्हणून. कुठूनही आणा, कितीही लागू देत. मी म्हटलं, डॉक्टर, तुमच्याकडे आहे की. तर विषयच बदलला. बाहेरगावच्या लोकांनाही विचारून झालं. कोणाकडे नाही. असली तर खराब."

"हे कधीचं?"

"महिना झाला असेल. काल पण आले होते."

मी जिन्याखालून बाहेर आले आणि फूटपाथवर थांबले. काल. डिस्क नाहीशी झाल्यावर, भाऊजींनी फोनवर सालटं काढल्यावर. जो माणूस एक डिस्क चोरून बसला आहे, तो तीच डिस्क अजून का शोधतो आहे?

४

"सगळ्या निळ्या डब्या खाली काढा," मी भाऊजींना सांगितलं.

"एकच गेली आहे."

"ते तुम्ही सांगताय. उघडून पाहिलंत?"

नव्हतं पाहिलं. एक दात दुखला म्हणून बाकीचे कोण मोजतो. त्यांनी कुरकुर करत डब्या काढल्या, भिंगाचा दिवा लावला आणि एकेक उघडू लागले. डिस्क जागच्या जागी होत्या, चित्रं सरळ, खुंटीवर नीट बसलेल्या. भाऊजी माझ्याकडे 'सांगितलं होतं ना' अशा नजरेने बघत होते. मग एक डिस्क त्यांनी उलटी केली आणि त्यांचा हात थांबला.

डिस्कच्या मधल्या भोकाभोवती आरशासारखी पट्टी असते. तिच्यावर कारखान्याची खूण कोरलेली असते, आपल्याला दिसतही नाही अशी बारीक.

"ही माझी नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"डबी पहिल्या आवृत्तीची आहे. डिस्क दुसऱ्या आवृत्तीची. कंपनीने नंतर कारखाना बदलला होता, खूण वेगळी आहे. वरचं चित्र तेच, म्हणून कळलं नाही." त्यांनी पुढची उघडली. तीही त्यांची नव्हती. आणखी एक. आणखी एक.

चार डब्यांत दुसऱ्याच कोणाच्या डिस्क होत्या. पाचवी रिकामी.

भाऊजी खुर्चीत बसले. "पाच," ते म्हणाले. "पहिल्या आवृत्त्या उचलल्या आणि दुसऱ्या ठेवल्या. मला आंधळा समजतो. तीस वर्षं मी त्याच्यासाठी खुर्ची पुसून ठेवली." आवाज चढला नाही त्यांचा. चढला असता तर बरं झालं असतं.

"पहिल्या आवृत्तीला जास्त मान असतो?"

"असतोच."

"मग या वरच्या फळीवर काय आहे?"

तिथे पिवळ्या पाठीच्या डब्या होत्या. भाऊजींनी मान न वळवता सांगितलं, त्या याहून दुर्मिळ, सगळ्या पहिल्या आवृत्त्या. मी त्यांना त्याही तपासायला लावल्या. सगळ्या त्यांच्याच होत्या. निळ्यांतल्याही ज्या नव्या कारखान्यातून आल्या होत्या त्या तशाच होत्या. बदलल्या होत्या फक्त जुन्या कारखान्याच्या.

"भाऊजी, तो जुना कारखाना कंपनीने का सोडला?"

"कोणास ठाऊक. काहीतरी तक्रारी होत्या म्हणे."

मी पर्स उचलली. चोरी मोठी झाली होती, पण चोर मात्र मला दर घटकेला लहान होताना दिसत होता.

५

डॉक्टरांचा दवाखाना खाली आणि घर वर. दवाखाना त्यांनी आता जवळपास बंद केला आहे, पण हात अजून आखडलेले नाहीत. त्यांनी मला कॉफी दिली आणि स्वतः पाणी घेतलं.

"त्याला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही चोरलीत."

"मग तसंच वाटू दे."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी काहीच म्हणत नाही."

अर्धा तास मी त्यांना घोळात घेतलं, पण ताकास तूर लागू देतील तर शपथ. शेवटी मी उठून त्यांच्या कपाटाशी गेले. तिथेही निळ्या पाठीच्या डब्या होत्या.

"उघडू का?"

"नको," डॉक्टर म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज हलला.

मी उघडल्या नाहीत. गरज नव्हती. "दुसऱ्या आवृत्तीच्या चार डब्या रिकाम्या आहेत," मी म्हटलं. "त्यांतल्या डिस्क भाऊजींकडे आहेत. पाचवी डबी रिकामी नाही, पण असून नसल्यासारखी. बरोबर?"

डॉक्टरांनी ग्लास खाली ठेवला.

"गाडी काढा," मी म्हटलं. "आणि भाऊजींची डिस्क बरोबर घ्या."

"तो मला घरात घेणार नाही."

"मी घेते. माझ्या बहिणीचं घर आहे ते."

६

खोलीत दोन खुर्च्या. भाऊजी एकीत बसले. डॉक्टर दुसरीत बसले नाहीत, दाराशी उभे राहिले. भाचा आणि सून मागे.

"चोराने डबी ठेवली," मी सुरुवात केली, "म्हणजे त्याला विकायचं नव्हतं. दुकानदाराचा आणि त्याच्यासारख्यांचा प्रश्न मिटला. चार डिस्कच्या जागी चार ठेवल्या, त्याही खुणेत फरक आहे एवढं सोडलं तर हुबेहूब. हे आपल्या या चिरंजीवाला जमणारं नाही. त्याला दोन आवृत्त्या असतात हेच आज कळलं. उरले डॉक्टर. इथपर्यंत भाऊजी बरोबर आहेत. पण चोर चांगलं नेतो आणि वाईट ठेवतो. डॉक्टरांनी काय नेलं? ज्या कारखान्याच्या तक्रारी होत्या तेवढंच. वरची फळी हाताच्या अंतरावर होती, तिला बोटसुद्धा लावलं नाही. दाताच्या डॉक्टरला एक किडलेला दात सापडला की तो शेजारचे ठोकून बघतो. यांनी तेच केलं. भाऊजी, तुमच्या डिस्क सडत होत्या. यांनी सडलेल्या काढल्या आणि स्वतःच्या चांगल्या बसवल्या. तुमच्या घरात चार चोऱ्या झाल्या नाहीत. चार वस्तू आल्या."

भाऊजी डॉक्टरांकडे बघत होते.

"पाचवीची दुसरी आवृत्ती निघाली नाही," मी म्हटलं. "कंपनी त्याआधीच बुडाली. डॉक्टरांची स्वतःची प्रत तुमच्याच प्रतीच्या दिवशी घेतलेली, त्याच कारखान्याची. ती आधी सडली. म्हणून तर ते तुमची बघायला आले. रविवारच्या आत दुसरी शोधून गुपचूप डबीत ठेवायची होती. तुम्ही डबी आधीच उघडलीत."

डॉक्टरांनी कोटाच्या आतल्या खिशातून मऊ कापडाची घडी काढली आणि उलगडली. डिस्कची बाहेरची कड तपकिरी पडली होती, कपाखाली राहिलेल्या चहाच्या वळासारखी.

"कडेने हवा शिरते," ते म्हणाले. "आतला पत्रा काळा पडतो. माझ्या प्रतीवर तर मेनूसुद्धा येत नाही."

"मला सांगायला काय झालं होतं?" भाऊजी म्हणाले.

"काय सांगणार होतो? ती दुसऱ्यांदा गेली म्हणून?" डॉक्टर पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघत बोलले. "चोरीला गेलेली वस्तू सापडू शकते. तू मला शिव्या दिल्या असत्यास, पण वाट बघत राहिला असतास. सडलेल्याची कोण वाट बघतं?"

सुनेने डोळे पुसले. मला तपास संपल्यावर बरं वाटतं, आज वाटलं नाही. हे सगळं उघड करून मी भाऊजींना त्यांचा मित्र परत दिला होता आणि ताई कायमची काढून घेतली होती. रिकामी डबी बरी होती, असं मला खरंच वाटून गेलं.

७

"लावून पाहिलीस?" भाऊजींनी विचारलं.

"नाही."

"का?"

"कशी लावू? लावली आणि ती दिसली नाही, तर ते मी एकट्याने बघायचं?"

भाऊजी उठले. डॉक्टरांच्या हातातून डिस्क घेतली, दोन बोटांत कडेला न लागता धरली आणि दिव्याखाली बराच वेळ फिरवली. मग प्लेअरच्या ट्रेमध्ये ठेवली.

"बस," ते खुर्चीकडे बोट दाखवून डॉक्टरांना म्हणाले.

चित्रपट सुरू झाला. स्वच्छ. डॉक्टर पुढे सरकून बसले. भाऊजींनी प्रकरणं पुढे ढकलत मध्यापर्यंत नेला, आणि तिथे चित्राचे चौकोन झाले, आवाज खरवडला गेला आणि नायिका अर्ध्या चेहऱ्यावर थिजली. प्लेअर आत घरघरत राहिला.

"झालं," डॉक्टर म्हणाले. "बंद कर. बघवत नाही."

"तू दातांचाच डॉक्टर राहिलास," भाऊजी म्हणाले. "ही दोन थरांची डिस्क आहे. दर वर्षी मध्यावर चित्र क्षणभर थबकायचं, आणि दर वर्षी तू विचारायचास, वीज गेली का."

"मग?"

"मग वीज जात नव्हती. पहिला थर भोकापासून कडेपर्यंत वाचला जातो. तो संपला की किरण दुसऱ्या थरावर उडी मारतो आणि कडेकडून परत आत यायला लागतो. थबकायचं ते त्या उडीला. कीड कुठे आहे?"

"कडेला."

"कडेला काय आहे?"

डॉक्टरांना कळलं. मलाही तेव्हाच कळलं, आणि मी स्वतःला हुशार समजते. कडेला होता चित्रपटाचा मध्य. सुरुवात भोकाशी होती, आणि शेवटही भोकाशी.

भाऊजींनी मेनूतून शेवटचं प्रकरण निवडलं. डॉक्टरांनी त्यांचं मनगट धरलं, रुग्णाचा हात धरतात तसं, आणि मग त्यांनी बटण दाबलं. पडदा काळा झाला. काळाच राहिला. सुनेने माझा दंड पकडला.

मग भोंगा वाजला आणि बोट धक्क्यापासून सुटली.

गर्दी रडत होती. पदर, रुमाल, टोप्या हलत होत्या. कॅमेरा त्यांच्यावरून सावकाश सरकत आला, आणि खांबाशेजारी माझी ताई होती. हातात तुटकी चप्पल. तोंड उघडं, सुळा बाहेर, दुनियेची पर्वा नसल्यासारखी हसत. मग कॅमेरा पुढे गेला.

"पुन्हा," दाराकडून आवाज आला. नात केव्हा येऊन उभी राहिली होती कोणाला कळलं नव्हतं. भाऊजींनी मागे नेलं. पुन्हा भोंगा, पुन्हा ताई.

"आजोबा, तिचा दात माझ्यासारखाच आहे."

"हो," भाऊजी म्हणाले.

"डॉक्टरआजोबांनी सरळ नाही केला?"

"तिने हात लावू दिला नाही," डॉक्टर म्हणाले. डोळे पडद्यावरच होते त्यांचे. "म्हणायची, डॉक्टर, तुम्ही तुमचं बघा."

मुलगी हसली. नेहमीसारखा तिचा हात तोंडाकडे निघाला, अर्ध्यात थांबला, आणि खाली आला.